कासवाच्या तोंडातून जेवढं दिसतं तेवढं

चवथ होऊन गेली, पावसाचा जोर ओसरला की गावातल्या कुणा ना कुणा पोराचा मेसेज येतोच. दादा, तुमच्या पार्कात त्या कार्टूनच्या ड्रेससाठी माणसं घेतात ना, काही शिकायला लागतं का, की नुसतं घालून हात हलवायचा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा बसून लिहून काढावं असं कधीपासून मनात होतं, कारण 'नुसतं घालून हात हलवायचा' हे ऐकलं की मला राहवत नाही. आता लिहायला बसलोय तर थोडं लांबेल, वाचा निवांत.

तर मी उत्तर गोव्यात, बारदेशातल्या एका वॉटर पार्कमध्ये कासव असतो, म्हणजे कासवाचा ड्रेस घालून पोरांना भेटतो. मोरजी, मांद्रेच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यावरूनच पार्कवाल्यांनी कासव निवडलं असणार. मूळचा मी डिचोलीकडचा. सकाळी कदंबा पकडून म्हापसा, तिथून दुसरी बस, आणि पार्कच्या मागच्या गेटने आत. पुढच्या गेटने कधीच नाही, कारण जे कासव अकरा वाजता पोरांना भेटणार आहे त्याला नऊ वाजता पाठीला सॅक लावून चहा पिताना कुणी बघायचं नसतं. चेहरा कुणाला माहीत नसला तरी मी हे पाळतो.

ड्रेस कसा असतो ते आधी सांगतो. सगळं मिळून आठ-नऊ किलो भरतं. सगळ्यात आत ड्रायफिटचा टीशर्ट आणि लेगिंग, डोक्याला पातळ बालाक्लावा, म्हणजे फक्त डोळे-नाक उघडं राहील अशी टोपी, नाहीतर घाम थेट डोळ्यात उतरतो आणि पुसायला हात आत जात नाही. त्यावर आईस पॅकचं जॅकेट. मग मऊ कापडाचं अंग, पोटाला फोम, पाठीला ईव्हीए फोमचं कवच, त्याचे पट्टे छातीवर बांधायचे. मग पाय, म्हणजे मोठे बूट, त्यांना खालून रबरी सोल म्हापशाच्या बाजारातल्या मोच्याकडून मुद्दाम लावून घेतलाय, कारण वॉटर पार्कात फरशी कायम ओली असते आणि फोमचा पाय पाणी पितो. मग डोकं. डोक्याच्या आत एक हेल्मेटची पट्टी असते ती हनुवटीखाली लावायची, आणि कपाळाच्या वर एक छोटा पंखा, पॉवर बँकवर चालणारा. सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण मोजे एकदा घातले की आपल्याला आपली कुठलीच पट्टी लावता येत नाही, त्यामुळे हे सगळं दुसऱ्या कुणाकडून तरी अंगावर चढवून घ्यावं लागतं. कवचामुळे दारातून सरळ जाता येत नाही, आडवं व्हावं लागतं. खुर्चीत बसता येत नाही. म्हणून आमच्या ड्रेसिंग रूममध्ये कासवासाठी एक पाठ नसलेलं स्टूल ठेवलंय, त्याच्यावर कुणी दुसरं बसलेलं मला चालत नाही, एवढं ते महत्त्वाचं आहे.

दिसतं कुठून? लोकांना वाटतं कासवाच्या डोळ्यांतून. नाही, तोंडातून. कासव हसतंय त्या हसण्याच्या आत काळी जाळी आहे, तिच्यामागे माझे डोळे. म्हणजे कासवाचे डोळे माझ्या डोळ्यांच्या वीतभर वर. याचा अर्थ काय होतो बघा, मी समोरच्या पोराकडे सरळ बघितलं तर कासव त्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघत असतं. पोराला कळतं ते लगेच, हा माझ्याकडे बघतच नाही म्हणून. त्यामुळे कासवाने पोराच्या डोळ्यात बघायचं असेल तर मला मान एवढी खाली घालावी लागते की मला स्वतःला पोराचे फक्त पाय दिसतात. सुरुवातीला सगळ्यांनाच हे उलटं वाटतं. आपण बघायचं नाही, कासवाला बघू द्यायचं, आपण अंदाजाने राहायचं. आरशासमोर आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून काढून ते अंगात बसवावं लागतं, दुसरा उपाय नाही.

आणि खाली काहीच दिसत नाही. गुडघ्याएवढं पोर अगदी पोटाला येऊन चिकटलं तरी मला पत्ता नसतो. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, घासत सरकवायचा, आणि म्हणून माझ्याबरोबर कायम एक सोबती असतो. पार्कात त्याला हँडलर म्हणतात. माझा हँडलर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा, तो कोकणीत बोलतो, मी मराठीत, कुणाचं काही अडत नाही. त्याच्या आणि माझ्या खुणा ठरलेल्या आहेत. उजव्या खांद्यावर दोन टपल्या म्हणजे उजवीकडे खाली पोर आहे. कवचावर सपाट हात ठेवला म्हणजे थांब, मागे पायरी आहे. आणि माझी त्याला एकच मोठी खूण, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. म्हणजे मला आत घेऊन चल, आत्ता, प्रश्न विचारू नकोस. त्याने ती खूण बघितली की तो समोरच्या रांगेला सांगतो, कासवाची जेवायची वेळ झाली, आणि आम्ही निघतो. फोटोसाठी कितीही मोठी रांग असो. ज्या हँडलरला रांगेची भीड पडते त्याच्याबरोबर मी ड्रेस घालत नाही, हे मी मॅनेजरला तोंडावर सांगितलेलं आहे.

आता 'नुसतं हात हलवायचा' याच्याबद्दल.

कासवाचं तोंड कायम हसरं. सकाळी हसरं, संध्याकाळी हसरं, पोर रडतंय तरी हसरं. बोलायचं नाही, आवाज काढायचा नाही, हूं सुद्धा नाही. डोळे हलत नाहीत. मग राहिलं काय? मान, खांदे, कंबर, हात, गुडघे. सगळा अभिनय त्याच्यातच करायचा. हात मनगटातून हलवला तर तो हात वाटतच नाही, मोज्याचा गोळा हलल्याचं दिसतं, तो खांद्यापासून हलवायचा, मोठा, सावकाश. हसायचं असेल तर दोन्ही हात पोटावर आणि खांदे हलवायचे. लाजायचं असेल तर गुडघे जवळ आणि हात डोळ्यांवर, म्हणजे कासवाच्या डोळ्यांवर, वीतभर वर. वाईट वाटलंय दाखवायचं तर हनुवटी सावकाश खाली, मग तेच हसरं तोंड सावलीत जातं आणि खरंच उदास दिसायला लागतं, मी व्हिडिओत बघितलंय. प्रत्येक गोष्ट झाली की क्षणभर थांबायचं, नाहीतर समोरच्याला ती कळायच्या आत पुढची सुरू होते. हो म्हणताना नुसतं डोकं हलवलं तर डोकं लटपटतं, म्हणून कमरेपासून वाकून हो म्हणायचं.

हे कमरेचं मला कुणी पार्कात शिकवलं नाही. आमच्याकडे शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, घोडेमोडणीचा नाच असतो, डिचोली, सत्तरीकडे ज्यांनी बघितला असेल त्यांना सांगायला नको. कमरेला घोडा बांधलेला, डोक्यावर फुलांचा, मोरपिसांचा साज, एका हातात तलवार, दुसऱ्यात लगाम, आणि ढोल-ताशावर पुढे जायचं, मागे यायचं. पहिल्यांदा घोडा बांधला तेव्हा गावातले मोठे लोक एकच सांगत होते, पायाकडे बघू नको, घोड्याची मान कुठे चालली ते बघ. घोडा लाकडाचा, मानेत जीव नाही, तो कमरेतून द्यायचा. कासवात उभा राहिलो तेव्हा मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं ते त्यामुळे. आणि माझा काका काल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकात, संकासुर करायचा. दहीकाल्याला, जत्रेच्या रात्री, काळे कपडे, चेहऱ्यावर काळं कापड, लोंबणारी लाल जीभ, आणि तो आला की पुढे बसलेली पोरं एकाच वेळी किंचाळत मागे पळायची आणि परत पुढे यायची. संकासुर बोलतो, भरपूर बोलतो, लोकांना हसवून हसवून बेजार करतो, तो फरक आहेच. पण चेहरा झाकलेला असताना मंडपातल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचायचं कसं, ते मी त्याच्याकडे बघत मोठा झालो. त्याच आडदशावतारात, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, मुखवटा घालून गणपती येतो, रिद्धी-सिद्धी बरोबर, आणि लोक हात जोडतात. आत गावातलाच कुणीतरी नट आहे हे त्यांना माहीत असतं, मघाशी त्याला मागे तंबाखू मळताना बघितलेलं असतं, तरी जोडतात. म्हणून मला जेव्हा कुणी म्हणतं की हे परदेशातलं फॅड आहे, तेव्हा मला पटत नाही. झाकलेल्या चेहऱ्याने लोकांसमोर उभं राहायचं आपल्या गावांना चांगलं ठाऊक आहे.

पार्कातल्या कॅरेक्टरचं म्हणाल तर ते मात्र तिकडूनच आलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे धड ड्रेससुद्धा नव्हते, आईस कपेड्स नावाच्या बर्फावरच्या शोचे ड्रेस आणून त्या दिवशी वापरले होते. आज त्याच कंपनीत कॅरेक्टरने कसं चालायचं, सही कशी करायची हे सगळं बसवलेलं असतं, म्हणजे आतला माणूस बदलला तरी बाहेरच्या पोराला तोच वाटला पाहिजे. आम्हीही ते पाळतो. आमच्या कासवात आळीपाळीने वेगवेगळी माणसं जातात, एक मुलगीही आहे, आणि सगळ्यांचं चालणं एकच. कासव कधीही धावत नाही. आपल्या पोराला वाचवायला आईबाप धावतील, लाईफगार्ड धावेल, कासव नाही, कारण ओल्या फरशीवर ते कवच घेऊन कुणावर पडलं तर दोघांनाही लागेल.

आणि एक गोष्ट मला या पोरांना मुद्दाम सांगायची आहे. मे २०२४ मध्ये त्याच कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या कॅरेक्टर आणि परेडवाल्या कलाकारांनी मतदान करून ॲक्टर्स इक्विटी असोसिएशनमध्ये जायचं ठरवलं. ही अमेरिकेतल्या नाटकातल्या नटांची आणि स्टेज मॅनेजरांची युनियन, १९१३ ची. साधारण १,७०० लोकांचा प्रश्न होता, ९५३ मतं बाजूने, २५८ विरोधात. त्यांच्या मागण्यांत स्वच्छ ड्रेस, सुरक्षितता, ड्युटीच्या वेळा, असल्याच गोष्टी होत्या. मी ती बातमी ड्रेसिंग रूममध्ये स्टुलावर बसून वाचली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. नटांची युनियन! म्हणजे बाहुली नव्हे, सिक्युरिटी नव्हे, हाउसकीपिंगमधला जास्तीचा माणूस नव्हे. नट. आमच्याकडे अजून हजेरीपटावर आम्हाला 'इतर' मध्ये टाकतात. ते बदलावं असं मला फार वाटतं आणि मी ते बोलत राहणार.

मुलांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण काम तेच आहे, बाकी सगळं त्याच्यासाठी.

लहान पोरं, दोन-तीन वर्षांची, बऱ्याचदा घाबरतात, आणि घाबरणं अगदी बरोबर आहे. त्यांच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं काहीतरी, डोळे न हलणारं, अंगावर चालून येतंय. पण आईबापांना फोटो हवा असतो. मागच्या डिसेंबरातलं एक सांगतो. बेळगावकडचं कुटुंब होतं, मुलगी अडीच-तीन वर्षांची असेल, स्विमिंग कॉश्च्युम, हातात वेफरचं पाकीट. बाबांनी तिला काखेतून उचललं आणि सरळ माझ्यासमोर धरलं, "अगं बघ ना, काही करत नाही तो, हात लाव." ती पाय आखडून, मान वळवून किंचाळत होती. जाळीतून मला तिचे फक्त तळपाय दिसत होते, बोटं आत वळवलेली. माझ्या सोबत्याने हळूच सांगितलं, "दादा, तिला खाली ठेवा जरा, कासवच घाबरलंय बघा." मी तेवढ्यात दोन पावलं मागे सरकलो, हात डोळ्यांवर घेतले, आणि तिच्याकडे कवच केलं. घाबरलेल्या पोराकडे तोंड करून उभं राहायचंच नसतं, कडेला वळायचं, लहान व्हायचं, म्हणजे जेवढं वाकता येईल तेवढं वाकायचं, आणि दुसरीकडे बघायचं. मी कठड्याला हात टेकवून अर्धवट वाकलो आणि फुलझाडाच्या कुंडीकडे बघत बसलो. पाठीवर कवच, गुडघ्यात कळा यायला लागतात अशा वेळी, पण हलायचं नाही. बराच वेळ काही नाही. मग सोबत्याची एक टपली डाव्या खांद्यावर. मी मान हलवली नाही, फक्त हाताची चार बोटं थोडी उघडली. पुन्हा काही नाही. मग एकदम जाळीसमोर एक छोटा हात आला आणि जाळीच्या भोकाला टेकवून एक वेफर आत ढकलायचा प्रयत्न. कासवाला भूक लागली असेल म्हणून तिने वेफर भरवला होता! तो मसाल्याचा वास थेट माझ्या नाकात, वेफर जाळीवर मोडला, त्याचा चुरा माझ्या ओठांवर पडला. मी सावकाश हनुवटी वर केली, दोन्ही हात पोटावर फिरवले, छान लागलं म्हणून. तिने आणखी एक दिला. मग आणखी एक. बाबांनी फोटो काढला नाही, ते नुसते उभे होते, आईने नंतर काढला असावा. जाताना ती मागे बघत बघत गेली आणि सोबत्याला काहीतरी सांगून गेली, तो म्हणाला, "सांगत होती, त्याला पाणी पण द्या."

त्यामुळे आईबाबांना माझी कळकळीची विनंती, पोराला कॅरेक्टरच्या हातात देऊ नका, ढकलू नका, घाबरट म्हणू नका. त्याला लांबून बघू दे. हात लावायचा की नाही ते त्याने ठरवू दे. आमच्याकडे वेळ असतो, नसला तर आम्ही काढतो.

मोठी पोरं, आठ-दहा-बारा वर्षांची, त्यांना आत कोण आहे ते शोधायचं असतं. शेपटी ओढणं, कवचावर बुक्के, जाळीत बोट घालणं. त्यांचा मला राग येत नाही, त्यांना काम दिलं की ती सुधारतात, हाय-फाय द्यायचा, कागद-कात्री-दगड खेळायचं, लगेच टीममध्ये येतात. राग येतो तो मोठ्यांचा. दुपारनंतर पिऊन आलेले ग्रुप असतात, मागून येऊन डोक्यावर जोरात थापटी मारायची आणि हसायचं. त्या थापटीने आतली पट्टी हनुवटीला कापते, मान दुखावते, आणि कुठून आली ते दिसलेलं नसतं म्हणून सावरताही येत नाही. आमच्यातली जी मुलगी कासव करते तिला तर काय काय सहन करावं लागलंय, आत बाई आहे की पुरुष ते चाचपून बघणारे लोक असतात, आणि बायका-पोरांना घेऊन आलेले असतात. त्यावर आता पार्कात नियम झालाय की हात नको तिथे गेला की हँडलरने मध्ये पडायचं, शिट्टी वाजवायची आणि सिक्युरिटीने त्या माणसाला बाहेर काढायचं, तिकिटाचे पैसे परत नाहीत. हा नियम आपोआप झाला नाही. ती मुलगी आणि आम्ही सगळे मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिलो तेव्हा झाला. तिचं धाडस मोठं, ती पहिली बोलली.

आता उकाडा. हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आत म्हणजे मोदकपात्र. एप्रिल-मेमध्ये किनारपट्टीला पारा ३३-३४ वर असतो, विदर्भातल्या ४५ पुढे तो आकडा काहीच नाही असं वाटेल, पण आपल्याकडे हवेत दमटपणा असतो आणि शरीर थंड होतं ते घाम आल्याने नाही, घाम वाळल्याने. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि ड्रेसच्या आत तर हवा हलतच नाही, थोड्या वेळात आतली हवा ओलीचिंब होते. मग घाम नुसता वाहतो, पाणी आणि मीठ जातं, थंडावा काही मिळत नाही. पंखा बाहेरची हवा आत आणतो तेवढाच आधार. आईस जॅकेटचे पॅक थोडा वेळ छान, मग ते वितळले की तेच जॅकेट आणखी एक थर होऊन बसतं, म्हणून वितळायच्या आधी आत यायचं. आमच्याकडे वीस मिनिटं बाहेर आणि चाळीस मिनिटं आत असा हिशोब, मे महिन्यात बाहेर पंधराच. दुपारी एक ते तीन कासव बाहेर पडत नाही. आत आलं की डोकं आधी काढायचं, मग मोजे, पंख्यासमोर बसायचं आणि तहान लागलेली असो नसो, प्यायचं. नुसतं पाणी ढसाढसा नाही. ओआरएसची पुडी, नाहीतर घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मी सकाळी घरून पेज खाऊन निघतो, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड, आणि डब्यात आईने दिलेलं नाचणीचं तिझन असतं. कोकम सरबत मीठ घालून तेही चालतं. कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंकवर राहू नका.

डोकं ठणकायला लागलं, पायात गोळे आले, मळमळलं, उकाड्यात अंगावर शहारा आला, की तिथेच छातीवर फुली. अजून एक फोटो होऊ दे म्हणायचं नाही. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असंही समजू नका, अंगमेहनतीने येणाऱ्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना भेलकांडला, तर ती थकवा आहे म्हणून बसवून ठेवायची वेळ नाही, शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असू शकतं. ड्रेस काढा, पट्टी सुटत नसेल तर कापा, ड्रेसची पर्वा करू नका, अंगावर पाणी ओता, मानेला-काखेत बर्फ लावा, पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. हँडलरला हे सगळं माहीत आहे की नाही हे कामाला लागायच्या आधी त्याला विचारा.

हे एवढं तावातावाने लिहितोय कारण पार्कात यायच्या आधी मी इव्हेंटची कामं करायचो, लग्नं, वाढदिवस. हल्ली लग्नात हवेने फुगणारा टेडी नाचवायची पद्धत आहे. दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलच्या लॉनवर एका इव्हेंटवाल्याने मला तसा टेडी करून उभं केलं. हँडलर नाही. नवरदेवाची वरात यायला उशीर, आणि मला सांगितलं, आत जायचं नाही, पाहुणे येतायत. त्या ड्रेसमध्ये पंखा बंद पडला की ड्रेस अंगावर कोसळतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत माणूस गुंडाळला जातो. बॅटरी संपली. मी चेन शोधत होतो ती बाहेरच्या बाजूला. हॉटेलातल्या एका वेटरने पळत येऊन ती उघडली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. इव्हेंटवाला आला आणि म्हणाला, पाच मिनिटं दम काढायचा होता ना. त्याच रात्री मी ते काम सोडलं. त्या धंद्यात सगळेच असे असतात असं मी म्हणत नाही, पण चेन आतून उघडते का हे बघितल्याशिवाय कुठल्याही ड्रेसमध्ये पाय घालू नका.

ड्रेसची निगा हाही कामाचाच भाग, ते धोबीकाम नाही. रोज रात्री डोकं उलटं करून पाईपच्या स्टँडवर ठेवायचं, आत अल्कोहोलचा स्प्रे, पंखा चालू. नाटकवाले लोक कपड्यांवर व्होडका मारतात, वास जातो आणि डाग राहत नाही. आमच्यातल्या एकाने फेणी सुचवली होती, पण काजू फेणीचा वास कासवाला आठवडाभर सोडत नाही, पोरं जवळ येणार असतात, तेव्हा नको. पावसाळ्यात तर ड्रेसला बुरशी लवकर धरते, जूनमध्ये पार्कात गर्दी कमी होते तेव्हा कवच, पाय, अंग सगळं सुटं करून डीह्युमिडिफायरच्या खोलीत टांगून ठेवतो. उन्हात घालायचं नाही, रंग उडतो. ज्याने आतला भाग स्वतः पुसलाय त्यालाच आपण पुढच्या माणसासाठी काय ठेवतोय ते कळतं, म्हणून आमच्याकडे ज्याने घातलं त्याने पुसायचं असा रिवाज आम्हीच पाडलाय.

गोव्यात या कामाला वाव आहे, हे मी आशेने नाही, बघून सांगतोय. २०२३ ला ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर, तेव्हा 'मोगा' हा गवा रेडा मॅस्कॉट होता, आपला राज्यप्राणी. पोरांना तो आवडलाच असणार. कार्निव्हलच्या फ्लोटवर, शिगम्याच्या चित्ररथांवर, नाताळात हॉटेलांत, सगळीकडे मुखवट्याचं, ड्रेसचं काम असतं आणि ते करणारी पोरं आपल्याच गावातली असतात, काला केलेली, शिगम्याच्या रोमटात नाचलेली, दिवाळीत नरकासुराचे पुतळे उभे केलेली. नरकासुर बांधणाऱ्या पोरांना तर फोम, कागद, तारेचं काम असं येतं की ड्रेस दुरुस्तीला आम्ही त्यांनाच बोलावतो. हे कसब आपल्याकडे आहेच, त्याला फक्त धड वागणूक आणि धड पैसे मिळाले पाहिजेत.

तर ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. आमच्याकडे सीझनची भरती साधारण दसऱ्याच्या आसपास सुरू होते. उंची विचारतात, कासवाला पाच फूट तीन ते सात इंच लागते, त्याच्यापेक्षा उंच असाल तर हँडलरसाठी या, ते कामही तेवढंच महत्त्वाचं आहे आणि चांगला हँडलर शोधून सापडत नाही. दमा असेल, बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा, लपवू नका. मुलाखतीला बोलून काही दाखवायचं नाही, चेहऱ्यावर कापड बांधून तुम्हाला सांगतील की एका पोराचा फुगा फुटलाय, त्याला हसवा. त्याची घरी तयारी करून या, भावंडांसमोर करा, ती खरं सांगतात. आणि पगार विचारायच्या आधी चार गोष्टी विचारा, सलग किती वेळ बाहेर ठेवणार, हँडलर देणार का, पाणी आणि पंखा असलेली खोली आहे का, ड्रेस किती जणांत आहे. उत्तरं लेखी मागा. मुलाखत घेणारा कुरकुरला तर माझं नाव सांगा, तो मला ओळखतो.